कोळसुंदीची मेंदी

एका डोंगराच्या पायथ्याशी दाट जंगल होते आणि त्या जंगलात कोळसुंद्यांची एक टोळी राहत असे. कोळसुंदा म्हणजे रानकुत्रा. अंगाने तांबूस, शेपटीने काळा. त्याला दुसऱ्याला हाक मारायची झाली तर तो भुंकत बसत नाही, शीळ घालतो. मुलांनो, तुम्ही वर्गात शीळ घातलीत तर बाई तुम्हाला बाहेर उभे करतील; पण कोळसुंद्याच्या पिल्लाला शीळ घालता आली नाही, तर त्याच्या आईला घोर लागतो.

या टोळीत एक वयस्क कोळसुंदी होती. ती मूळची इथली नव्हे. तरुणपणी दूरच्या एका टोळीतून पळून ती इकडे आली आणि इथलीच झाली. सगळे तिला मावशी म्हणत. एका सकाळी ती डोहावर पाणी प्यायला वाकली आणि तिथेच थबकली. पाण्यात दिसणाऱ्या तोंडावर, नाकाच्या खाली, पांढरे केस होते. तिने जिभेने चाटून पाहिले, पंजाने पुसून पाहिले, ओल्या वाळूत तोंड घासून पाहिले. केस काही जाईनात. ती फार घाबरली.

तुम्ही म्हणाल, पांढऱ्या केसांना एवढे काय भ्यायचे? आपल्या आजीचे नाहीत का? पण या कोळसुंदीने लहानपणी जे पाहिले होते ते तुम्ही पाहिलेले नाही. तिच्या आईचे तोंड पांढरे झाले, तेव्हा त्या जुन्या टोळीने आधी आईला शिकारीला नेणे बंद केले. मग तिच्या वाट्याचे मांस बंद झाले. आणि एक दिवस सगळ्यांनी दात विचकून तिला जंगलाबाहेर हुसकावून लावले. आई वळून वळून पाहत होती आणि ही झुडपाआड गप्प बसली होती. एकट्या पडलेल्या कोळसुंद्याचे काय होते, हे जंगलात कोणी कोणाला सांगावे लागत नाही.

"कोणाला कळता कामा नये," कोळसुंदी स्वतःशी म्हणाली आणि थेट साळूच्या बिळाकडे गेली.

साळू म्हणजे ते काटेरी साळिंदर. झाडपाल्याची तिला फार माहिती, आणि आपल्याला माहिती आहे याचीही तिला फार माहिती. ती बिळातून अर्धी बाहेर आली, कोळसुंदीचे तोंड उजेडात वळवून पाहिले आणि म्हणाली, "अगं, एवढंच ना? माझे काटे बघ, अर्धे काळे अर्धे पांढरे. मी मेले का?"

"तू एकटी राहतेस, साळूबाई. मला टोळीत राहायचंय. काहीतरी कर. पण माझ्याजवळ द्यायला काही नाही."

"द्यायचं काय त्यात? पाला जंगलाचा, पाणी ओढ्याचं. जंगलाच्या कडेला ते ओसाड शेत आहे ना, त्याच्या कुंपणाला मेंदी माजलीय. ती आणायची. खैराची साल आणायची. मी दगडावर ठेचून देते. तांबडा रंग तुझ्या अंगाला बेमालूम मिसळेल. फक्त शिकार झाली की चघळायला एखादं हाड इकडे टाकत जा. दातांना बरं असतं."

"लगेच पक्कं रंगवणारं काही नाही का? म्हणजे एकदाच काय ते होऊन जाईल."

"बिब्बा आहे. लाव, आणि तोंड सोलून निघालं की माझ्याकडे येऊ नकोस," साळू फणकारली. "घाई करायची नाही. आधी रिठ्याच्या फेसाने तोंड धुवायचं, म्हणजे केसांचा मेणचटपणा जातो. मग लेप. सुकला की नुसत्या पाण्याने काढायचा. वरून करंजाच्या बियांचं तेल. आणि आवळ्याच्या झाडाखाली जाऊन पडलेले आवळे खा. पण हे रंगाचं सोंग आहे हं. मुळातून येणारा केस पांढराच येणार. परत परत यावं लागेल."

त्या दिवसापासून कोळसुंदीचा गुपचूप उद्योग सुरू झाला. टोळी दुपारी सावलीत झोपली की ही निघायची, तोंडाला लेप थापून कपारीत बसायची आणि पान हलले तरी दचकायची. लेप निघाला की पाण्यात पाहायची. तोंड पुन्हा तांबूस! पहिल्या दिवशी तर तिला इतका आनंद झाला की तिने स्वतःच्याच शेपटीभोवती एक गिरकी घेतली. वय विसरून.

पण मेंदीला वास असतो. माणसाला तो आवडतो. हरणाला काय वाटते, हे कोळसुंदीला पुढच्या शिकारीच्या वेळी कळले. टोळी गवतातून दबत दबत चितळांच्या कळपाजवळ पोहोचली, आणि कोळसुंदीच्या बाजूने वाऱ्याची एक झुळूक काय आली, सगळ्या माना एकदम वर! कळप उधळला. टोळी हात हलवीत परत आली, म्हणजे पंजे हलवीत म्हणू. दुसऱ्या शिकारीलाही तेच झाले. पिल्ले उपाशीपोटी कुईकुई करू लागली.

टोळीची नायकीण त्या पिल्लांची आई होती. बोलायला कमी आणि नजर करडी. ती सगळ्यांच्या मध्ये उभी राहिली, नाक वर केले आणि म्हणाली, "कसला तरी पाल्याचा वास येतोय. आपल्यातच कुठेतरी आहे. शोधायला हवा." आणि बोलता बोलता तिची नजर कोळसुंदीच्या तोंडावर येऊन थांबली. थांबली ती थांबलीच.  कोळसुंदीने मान वळवून माशी हाकलल्यासारखे केले.

त्याहून वाईट म्हणजे पिल्ले. पूर्वी ती तिच्या कुशीत घुसायची, तिच्या शेपटीला लोंबकळायची. आता ती तिच्याजवळ यायची, हुंगायची आणि मागे सरायची. एकदा तिने त्यांना बोलवायला शीळ घातली. पिल्ले गुहेतून धावत बाहेर आली आणि तिच्या अगदी समोर उभी राहून इकडेतिकडे पाहू लागली.

"मी इथे आहे. कोणाला शोधताय?" तिने विचारले.

"तू नाही," एक पिल्लू म्हणाले. "तू वेगळी आहेस."

 यांना कोणीतरी शिकवले आहे, कोळसुंदीला वाटले. मोठ्यांचे ठरले आहे, आता लहानांनाही सांगून झाले आहे. आईच्या वेळी असेच नव्हते का झाले? त्या रात्री तिला झोप लागली नाही.

आणि सकाळी नायकीण तिच्यासमोर येऊन म्हणाली, "मावशी, आज तू शिकारीला येऊ नकोस. पिल्लांजवळ थांब."

संपले! आधी शिकार बंद, मग मांस बंद, मग... पुढचे तिला ठाऊक होते. टोळी दिसेनाशी झाली. कसेही करून संध्याकाळपर्यंत तोंड तांबडेलाल झाले पाहिजे, मुळापासून टोकापर्यंत. एकही पांढरा केस दिसता कामा नये. मग नायकीण काय म्हणेल? साळूने ठेचून दिलेली मेंदी कपारीत होतीच. कोळसुंदीने पिल्लांना दटावले, "गुहेतून हलायचं नाही," आणि ती खाली डोहाकडे धावली. डोह काही फार लांब नव्हता. पण मुलांनो, राखणदाराने पाठ फिरवली की जवळची जागाही लांबची होते.

डोहाच्या काठी तिने रिठे दगडावर आपटून फोडले, पाण्यात घोळवले आणि त्यात तोंड खुपसून घासू लागली. पांढराशुभ्र फेस आला. नाकावर फेस, गालांवर फेस, हनुवटीवरून ओघळणारा फेस. डोळ्यांत गेला तशी आग आग झाली. तेवढ्यात वरच्या झाडावर वानर खाकरला. एकदा, आणि लगेच पुन्हा.

वानर असा खाकरतो तो एकाच कारणासाठी. बिबट्या!

कोळसुंदीने डोळे किलकिले करून वर पाहिले. गुहेच्या डाव्या अंगाला घाणेरीचे झुडूप हलत होते आणि त्यातून एक ठिपक्याठिपक्यांची पाठ पुढे सरकत होती. आणि पिल्ले? पिल्ले कसली गुहेत बसतात! ती तोंडाशी येऊन एकमेकांचे कान चावत होती. कोळसुंदीने जीव खाऊन धोक्याची शीळ घातली. पण गुहा ज्या घळीत होती, ती अशी होती की शीळ या कड्यावर आपटायची, त्या कड्यावरून परत यायची, आणि कुठून आली ते कळायचेच नाही. पिल्ले भेदरून पळत सुटली आणि नेमकी झुडपाच्या दिशेने!

"तिकडे नाही!" ती ओरडली. आणि त्याच क्षणी तिला वाटले, माझे ऐकतील कशाला? मी त्यांना वेगळी वाटते. मला पाहून ती आणखीच लांब पळतील.  पण पाय थांबले नाहीत. फेसाने माखलेले तोंड घेऊन ती तशीच चढण चढू लागली.

आणि मग एक पिल्लू थांबले. त्याने वळून खाली पाहिले आणि किंचाळले, "पांढरं तोंड! ते बघा, पांढरं तोंड!" सगळी पिल्ले गर्रकन वळली आणि बाण सुटावा तशी तिच्याकडे धावत आली. तिच्या पायांत घुसली, पोटाखाली दडली. असे का झाले हे तिला कळेना, आणि कळून घ्यायला वेळही नव्हता. बिबट्याने झुडपातून उडी टाकली होती.

कोळसुंदीला नीट दिसत नव्हते. डोळे लाल झाले होते, त्यांतून पाणी वाहत होते. ती धडपडत, तोल जात, आवाजाच्या रोखाने पुढे झाली आणि दात विचकले. तोंडातून फेसाचे गोळे जमिनीवर पडत होते. बिबट्या उडीच्या तयारीत होता तो जागीच थिजला.

"पिसाळलेली!" तो पुटपुटला. गावाकडे पिसाळलेली कुत्री त्याने पाहिली होती, आणि त्यांनी चावलेल्यांचे काय झाले तेही पाहिले होते. एका जेवणासाठी कोण असले मरण घेईल? कोळसुंदी आणखी एक पाऊल पुढे आली. बिबट्या एक पाऊल मागे गेला, मग दुसरे, आणि मग अब्रू बिब्रू सगळे सोडून टेकडीपलीकडे पसार झाला.

वानराने पुन्हा आरोळी दिली होती, ती ऐकून टोळी धावत परत आली. नायकिणीने आधी पिल्ले हुंगून पाहिली. सगळी धड होती. मग ती कोळसुंदीसमोर उभी राहिली. फेस सुकत चालला होता आणि लपवायला आता काही उरले नव्हते. टोकाला तांबडे आणि मुळाशी पांढरे, असे ते विचित्र तोंड सगळी टोळी पाहत होती. बिबट्यासमोर थरथरली नाही इतकी कोळसुंदी आता थरथरत होती.

"वास माझ्याच मेंदीचा होता," ती म्हणाली. "आणि पिल्लांना सोडून मी डोहावर गेले. मग... मी कधी जायचं?"

"कुठे?"

"टोळीबाहेर."

नायकीण म्हणाली, "पिल्लांना सोडून गेलीस, त्याबद्दल मी तुझ्यावर रागावणार आहे, मावशी. चांगलीच रागावणार आहे. पण टोळीबाहेर? हे कुठलं खूळ? या घळीत शीळ कुठून येते ते पिल्लांना कळत नाही. म्हणून आमच्याकडे पिल्लांना पहिल्यापासून शिकवायचे, शीळ ऐकली की पांढरं तोंड शोधा आणि तिकडे पळा. तांबडी तोंडं गवतात दिसत नाहीत, पांढरं लांबून दिसतं. आमची म्हातारी तू यायच्या आधीच गेली, तेव्हापासून टोळीत पांढरं तोंडच नव्हतं. तुझ्या नाकाखाली पहिला केस मी पाहिला तेव्हा मला किती हायसं वाटलं! त्याच दिवशी मी पिल्लांना सांगून ठेवलं. आणि मग ते पांढरं एकदम दिसेनासंच झालं. मी रोज बघत होते, कुठे गेलं म्हणून. आज सकाळी मुळाशी थोडं दिसलं, म्हणून तर तुला पिल्लांजवळ ठेवलं."

कोळसुंदीला ती करडी, थांबून राहिलेली नजर आठवली. ती काय शोधत होती हे तिला आता कळले. तिला आईचीही आठवण आली, आणि ती मोठ्याने रडली. एका पिल्लाने तिचे तोंड चाटले. रिठा कडू लागला तसे ते फटाफट शिंकले.

पुढे कोळसुंदी साळूकडे जात राहिली. हाडही देत राहिली. रिठ्याने तोंड धुवायची, करंजाचे तेल लावायची, आवळे खायची. केस कसे मऊ आणि तुकतुकीत झाले होते. मेंदी मात्र तिने पुन्हा लावली नाही. पिल्ले रोज सकाळी तिचे तोंड न्याहाळायची आणि विचारायची, "मावशी, अजून थोडं तांबडं आहे. सगळं पांढरं कधी होणार?"

तात्पर्य : केसांची निगा जरूर राखावी, पण भीतीपोटी आपले वय झाकू नये; आपण जे लपवतो, त्याचाच आपल्या माणसांना आधार असतो.