घंगाळ खाणारा वाघ

मला आजवर कोणी फसवू शकलेलं नाही. छातीवर हात ठेवून लिहितो. हात थेट छातीवरच पडतो, कारण अंगातला सदरा ‘धुतल्यावर आटणार नाही’ या हमीवर घेतलेला आहे, आणि पहिल्या धुण्यापासून त्याची बटणं लागलेली नाहीत.

तेव्हा पोरांनो, आणि पोरांच्या आडून कान देणाऱ्या थोरांनो, गोष्ट जाणत्याकडून ऐका.

डोंगर अजून बोलायचे आणि नद्या त्यांना हूं हूं म्हणायच्या, त्या काळी म्हशी पाळणाऱ्यांचं एक गाव होतं. पुढं रान, मागं नदी. गावात दुधाला तोटा नव्हता, आणि शहाण्यांना तर त्याहून नव्हता.

या गावाची एक रीत होती. घरातलं विरजण संपलं की शेजारी मागायचं. मागणाऱ्याला नाही म्हणायचं नाही, आणि दिलेलं परत मागायचं नाही. आजीच्या आजीपासून असंच चाललेलं. म्हणजे खरं बघाल तर अख्ख्या गावाचं दही एकच होतं, नुसतं घरोघर हिंडत होतं. पण कुणालाही विचारा, “दही खावं तर आमच्याकडचं. शेजारचं? आंबटढाण!” परवाच त्या आंबटढाण घरून वाटी भरून आणलेली असायची, तरीही.

गावात सगुणाक्का नावाची एक बाई राहायची. नवरा मागेच वारलेला, एकटीनं लेक वाढवलेली. नजर अशी, की तिला बांगड्या दाखवताना कासार घाम पुसायचा. मडकं घेताना ती सगळ्या बाजूंनी वाजवायची आणि शेवटी कुंभारालाही एक टिचकी मारायची. “मला फसवणारा अजून जन्माला यायचाय,” असं ती म्हणायची. असं मीही म्हणतो. वर बघा.

तिची लेक सुंदरा. सुंदराचं लग्न ठरलं होतं, आणि तिच्याबरोबर जायची होती एक पारडी, म्हणजे म्हशीची कालवड. काळी कुळकुळीत, दारातून आत शिरताना चौकट हलवणारी, आणि नाव काय, तर चिमणी. त्या मुलखात म्हण होती, ‘सुनेच्या मागून म्हैस आली, तर सुनेला दूध मागून प्यावं लागत नाही.’ सगुणाक्का स्वतः सासरी रिकाम्या हातानं आली होती. दूध मागून पिणं म्हणजे काय, ते तिला ठाऊक होतं. म्हणून तिनं चिमणीला घासातला घास घालून वाढवलं होतं.

एक दिवस गावात एक परका माणूस आला. उपरणं उलटं, पागोटं एका कानावर, चेहरा असा की बघणाऱ्याला उगीचच आपण हुशार वाटावं. दारोदार जाऊन तो एकच मागत होता.

“माय, डावभर विरजण घाला. दूध आहे, पण दही लावायची अक्कल नाही.”

“आणि लग्न?” सगुणाक्कानं विचारलं. “तेही अकलेवाचून राहिलंय का?”

“नाही माय. ते अकलेवाचूनच झालं.”

सगुणाक्का हसली. हसता हसता तिनं त्याच्या झोळीतल्या एका बोळक्यात डावभर दही घातलं. सगळ्या घरांनी घातलं. आणि बघा हं, इथंच गावाचा पाय पहिल्यांदा घसरला. ज्याला आपण भीक घालतो, तो आपली झोळी रिकामी करील असं कुणाच्या मनात येत नाही.

त्याच दिवशी सगुणाक्काच्या गळ्यातल्या सरातला एक पोवळ्याचा मणी हरवला. तिच्या आईनं दिलेला सर तो. तिनं चूल उकरली, गोठा झाडला, पण कुणाला विचारलं नाही. सगुणाक्काचं काही हरवतं, हे सगुणाक्कानंच कसं सांगायचं?

थोडे दिवस गेले. एका दुपारी, सुंदरा नदीवर धुणं घेऊन गेलेली असताना, उलट्या उपरण्याचा माणूस परड्यातून आत आला. हळूच. इकडं तिकडं बघत.

“अक्का, तुम्ही त्या दिवशी विरजण घातलंत, ते मी विसरलो नाही. एक वस्तू आहे माझ्याकडं. या गावात सांगणारच नव्हतो. इथं कुणाला पारख आहे? पण तुमच्याकडं बघितलं आणि म्हटलं, ही एक बाई आहे.”

“मला फसवतोस?” सगुणाक्कानं कमरेवर हात ठेवले.

“फसवायचं असतं तर पाटलांकडं गेलो असतो, अक्का. तिथं चाललं असतं.”

हे मात्र सगुणाक्काला पटलं. (पाटलांकडं तो सकाळीच जाऊन आला होता. तिथं म्हणाला होता, “पाटील, सगुणाक्कासारख्या भोळ्या बाईला कुणीही फसवील, म्हणून थेट तुमच्याकडं आलो.” तेही पाटलांना पटलं होतं.)

त्यानं झोळीतून एक बोळकं काढलं. “कामधेनूच्या दह्याचं विरजण,” तो कुजबुजला. “माझ्या शब्दावर जाऊ नका. आज लावून बघा. उद्या नाही लागलं, तर मला दारात उभं करू नका.”

सगुणाक्कानं कोमट दुधात ते विरजण घातलं. सकाळी बघते तर दही लागलेलं! विळ्यानं कापावं असं घट्ट.

आता मला सांगा, विरजण घातल्यावर दही लागणार नाही तर काय लोणचं लागेल? ही बाई जन्मभर दही लावत आली होती. पण त्या सकाळी तिला तो चमत्कार दिसला, कारण चमत्कार बघायचा म्हणूनच ती उठली होती.

आणि बोळक्याच्या तळाशी काय? तिचा पोवळ्याचा मणी.

तेवढ्यात, सुंदरा पाण्याला गेलेली बघून, उलट्या उपरण्याचा माणूस दारात आला. “बुवा,” ती म्हणाली, “माझा हरवलेला मणी यात निघाला!”

क्षणभर बुवाचंच तोंड पांढरं पडलं. झोळीत घरोघरच्या दह्याची वेगवेगळी बोळकी होती, सगळी सारखी, आणि घोळात हिचंच दही हिला दिलं गेलं होतं. पळावं की थांबावं, त्याला कळेना. मग त्यानं बाईच्या डोळ्यांत बघितलं. तिथं राग नव्हता, पाणी होतं.

“निघायचाच होता,” तो म्हणाला.

पुढचं सोपं होतं. तो म्हणाला, “रोज थोडं राखलंत तर हे विरजण कधी संपणार नाही. लेकीच्या लेकीला पुरेल. पारडी काय, म्हातारी होईल. हे म्हातारं होणार नाही.” पोरांनो, यातला शब्द न् शब्द खरा होता! कुठल्याही विरजणाबद्दल खरा होता. “मला पैसा शिवायचा नाही, अक्का. पण कामधेनूला सोबत लागते. आणि तीन पथ्यं. जुनं विरजण टाकून द्या. शेजारी डाव देऊ नका. आणि कुणाला सांगू नका, लेकीलाही. सांगितलंत की गुण गेला. मी दिवस कलायच्या आत निघणार.”

सगुणाक्कानं विचार केला, पण विचार करायला सोबत कुणी नव्हतं. तिनं चिमणीचं दावं सोडून त्याच्या हातात दिलं. चिमणी दाराशी थांबली, वळून बघितलं. सगुणाक्कानं दार लोटून घेतलं.

सुंदरा आली तर खुंटा रिकामा.

“आई, चिमणी?”

“चरायला गेली असेल.”

“दावं कुठंय मग?”

“दावंही गेलं असेल,” सगुणाक्का म्हणाली, आणि स्वतःलाच विचित्र वाटलं.

सुंदरानं रान पालथं घातलं. मग घरोघर विचारत निघाली, आणि जिथं जावं तिथं काहीतरी नाहीसं. पाटलांचा झुंजीचा बोकड नाही. गुरवांचं तांब्याचं घंगाळ नाही. एका घरची घोंगडी नाही, एका घरची घंटा नाही. आणि विचारलं की जो तो आभाळाकडं बघणार. पोरगी चक्रावली. पारावर जाऊन तिनं सगळ्यांसमोर विचारलं, “गावात झालंय तरी काय?”

प्रत्येकाला वाटलं, आपलं गुपित फुटतंय.

तेवढ्यात पाटील ओरडले, “वाघ!”

“वाघच!” सगुणाक्का ओरडली.

“मी पंजा बघितला!” गुरव ओरडले.

“गुरवकाका,” सुंदरा म्हणाली, “वाघाला घंगाळ कशाला?”

“अंघोळीला,” गर्दीतून कुणीतरी म्हणालं. आणि सांगायची गोष्ट म्हणजे, कुणी हसलं नाही.

मग वाघाचा बंदोबस्त ठरला. अख्खा गाव काठ्या घेऊन, ढोल लावून, रानाकडं तोंड करून बसला. जो तो शेजाऱ्याला वाघाची खात्री देत होता, आणि शेजारी इतक्या खात्रीनं मान हलवत होता की देणाऱ्यालाच हळूहळू धाक वाटायला लागला. खरंच आला तर?

आणि मागं, नदीच्या उतारावरून, उलट्या उपरण्याचा माणूस आपली कमाई घेऊन पलीकडं निघाला होता. बोकड ओरडला. पाटलांनी आवाज ओळखला. ओळखला, आणि ढोल मोठ्यानं वाजवायला सांगितला.

मग चिमणी रेकली.

“आई! चिमणी!” सुंदरा उठली. “नदीकडं!”

सगुणाक्कानं तिचा हात घट्ट धरला. “ढोल बसलाय तुझ्या कानात. खाली बस.”

सुंदरा बसली. आवाज लांब लांब गेला, मग आलाच नाही. सगुणाक्कानं धरलेला हात सोडला, तेव्हा त्यावर तिच्या बोटांचे वळ उठले होते.

त्यानंतर गावाची रीतच बिघडली. “विरजण आहे का गं?” म्हणून कुणी आलं की आतून उत्तर यायचं, “नाही बाई, आमचंच नासलं.” दारं लागायला लागली. घरोघर कामधेनूचं दही, आणि चव? तीच. पहिल्यासारखीच. पण प्रत्येकाला वाटे, काय ही गोडी! शेजारच्यांना कुठलं असलं मिळतंय!

सुंदराच्या जाण्याचा दिवस उजाडला. सासरची माणसं गाडी जुंपून पाराशी थांबली होती. पारडी कुठं आहे, असं ती तोंडानं विचारत नव्हती, पण गाडीच्या मागं मात्र सारखी बघत होती.

सगुणाक्कानं लेकीला आत नेलं, हातात बोळकं दिलं आणि कानाशी म्हणाली, “रिकामी जाऊ नकोस. पारडीपेक्षा मोठी वस्तू आहे ही. कामधेनूचं विरजण! खूण म्हणून माझा हरवलेला मणी यातून परत आला, हा बघ.”

सुंदरा मण्याकडं बघतच राहिली.

“आई, तो मणी त्या उलट्या उपरण्याच्या माणसाला दही घालताना तुझ्या गळ्यातून पडला. त्याच्या बोळक्यात. मी बघितला की!”

“मग बोलली का नाहीस?”

“मला वाटलं तूही बघितलास. आपल्याकडं दिलेलं परत मागतात का?”

सगुणाक्का खाली बसली. तिला काही केल्या उमगेना. फसले म्हणावं तर दही गोड आहे. नाही फसले म्हणावं तर खुंटा रिकामा आहे. मणीही गळ्यात, विरजणही घरात, मग गेलं ते काय? तिनं बोळक्यातलं दही बोटावर घेऊन चाखलं. आईच्या हातचं होतं. कायमच होतं.

“म्हणजे मी चिमणी देऊन माझंच दही विकत घेतलं,” ती सावकाश म्हणाली.

ती गप्प राहिली असती तर अब्रू राहिली असती. सगळ्या गावानं तशीच राखली होती. पण गाडीच्या मागची रिकामी जागा तिला दारातून दिसत होती. ती उठली, तडक पारावर गेली, आणि सगळ्यांसमोर, व्याह्यांसमोरही, बोलली.

“वाघबिघ काही नाही. चिमणी मी दिली. माझं दही मला विकलं त्यानं, आणि कुणाला सांगायचं नाही म्हणाला, म्हणून मी लेकीलाही सांगितलं नाही. ती रेकत होती, तेव्हा हिचा हात मीच धरून ठेवला.”

गाव खो खो हसला. सगुणाक्का फसली! मग हसणं एकेका तोंडातून गळायला लागलं, कारण एकेकाला घरातलं आपलं बोळकं आठवायला लागलं. गुरव जमिनीकडं बघू लागले. कुणी कुणाच्या नजरेला नजर देईना.

गाडी निघाली. बोळकं सुंदराच्या मांडीवर होतं आणि गाडीमागं नुसती धूळ होती. चिमणी परत आली नाही. नदीपलीकडचा एक धनगर नंतर म्हणाला, “तो तर कितीतरी दिवस इथंच ओघळीत राहत होता. एकानं जरी हाक दिली असती तरी सगळं हाताला लागलं असतं.”

पाटील तेवढे अजून हसत होते. गाडी दिसेनाशी झाली तशी त्यांनी मिशीवर हात फिरवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं,

“लक्षात ठेवा, सगुणाक्का. जिथं शेजाऱ्याला सांगू नको म्हणून सांगतात, तिथंच फसवणूक असते.”

बोध हाच. मी वेगळा देत नाही, पाटलांचाच उसना घेतो. इतका नेमका बोध फुकट सुचत नसतो.

सगुणाक्कानं पदर खोचला.

“खरं बोललात, पाटील,” ती म्हणाली. “आता एवढंच सांगा, तुमच्या बोकडाच्या दाव्याची गाठ वाघानं सोडली कशी?”