मोजेउतार खिंड

खिंड उतरताना पायवाट जिथे वळते तिथे पाठ सपाट झालेला एक दगड दिसेल. त्यावर बसू नका, त्याच्या शेजारी बसा. जागा पुष्कळ आहे. आमच्या मेंढवडे गावचा बाजा जत्रेच्या दिवशी याच वाटेने वाजत येतो. गड्यांच्या कमरेला चौकड्यांचा घेरदार किल्ट, काखेत फुगवलेला मशकबाजा आणि गुडघ्याखाली लोकरीचे उंच मोजे. दगडापाशी आले की सगळे वाजवायचे थांबतात, वाकतात आणि डाव्या पायाचा मोजा घोट्यापर्यंत खाली ढकलतात. मग एक पाय नीटनेटका आणि एक गबाळा, असे गावात उतरतात. पाहुणे हसतात. लग्न होऊन आले तेव्हा मीसुद्धा हसले होते. सासूने मला पोटभर हसू दिलं आणि मग इथे आणून बसवलं. तिने सांगितलं तेच मी तुम्हाला सांगते.

इथल्या संस्थानच्या राजाला विलायती पलटणीचा बाजा भारी आवडला, असं सांगतात. तसाच बाजा आपल्याकडे हवा म्हणून त्याने एक स्कॉट साहेब शिकवायला आणला. साहेबाने वाजवायला निवडली ती आमच्या डोंगरातली पोरं, कारण मेंढरांमागे चढून त्यांच्या छातीत दम होता. गड्यांना परकर नेसवला म्हणून बायका तोंडाला पदर लावून हसल्या. पण झगा जमला, बाजाही जमला. मोजा काही केल्या जमेना.

विलायतेहून आलेले मोजे त्या साहेबलोकांच्या पायाच्या मापाचे. आमच्या गड्यांची पोटरी घट्ट, वर चढलेली आणि घोटा बारीक. थोडं चाललं की मोजा खाली. साहेब म्हणे सोवळ्यातल्या म्हातारीसारखा कडक होता. मोज्याची वरची कड गुडघ्याच्या वाटीखाली दोन बोटं राहिली पाहिजे. घडी चार बोटं रुंद हवी आणि तिच्याखालून लाल फितीचं टोक बाहेरच्या अंगाला दिसलं पाहिजे. विणीतले शंकरपाळे पोटरीवर सरळ बसले पाहिजेत. वळ उठेल इतका घट्ट नको आणि घसरेल इतका सैल तर मुळीच नको.

त्या वेळी माळावर ठकाई नावाची धनगरीण राहायची. नवरा पलटणीत खेचरं हाकायला गेला होता, तो तिकडेच वारला. सरकारने त्याचं सामान एका गाठोड्यात बांधून घरी पाठवलं. तिने ते अंगणात सोडलं. धोतर होतं, घोंगडी होती, माणूस नव्हता. त्या दिवसापासून तिच्या घरात गाठोडं बांधलं गेलं नाही. रानात भाकरीसुद्धा ती पाटीत नेई.

तिचा एकुलता एक धुळा बाजात होता. साहेबाच्या मडमेने तिला सुया दिल्या, टाके शिकवले आणि एक जुना मोजा दिला. तो उसवून पुन्हा विणता विणता ठकाईचा हात बसला. घडीचा भाग उलटा विणायचा, म्हणजे दुमडल्यावर सुलटी बाजू वर येते, हेही जमलं. प्रत्येक गड्याच्या पोटरीभोवती ती दोरा धरायची आणि त्या मापाचा मोजा विणायची. तिचा मोजा कधी घसरला नाही, असं सांगतात. काम झालं की मापाचा दोरा फेकून द्यायची. धुळ्याचा तेवढा ठेवला होता, काळ्या लोकरीचा, मनगटात बांधून. त्याच्या मोज्यांच्या घडीवरही तिने काळी रेघ घातली होती. दुसऱ्या कोणाच्या मोज्याला ती नव्हती.

मग सातासमुद्रापार लढाई लागली आणि राजाने आपला बाजा सरकारच्या हवाली केला. पोरं निघाली तेव्हा ठकाईने याच जागी बसून धुळ्याच्या मोज्याची घडी सारखी केली.

"गाठोडं धाडू नगंस," ती म्हणाली. "मोजं पायात घालून ये. मी लांबनं वळखंन."

तेव्हापासून दिवस कलला की ती इथे येऊन बसे. दगड सपाट झाला तो तिच्या बसण्याने, म्हणतात.

धुळ्याचा जिवलग होता सिदा. अंगाने काटकुळा, पाय बगळ्याचे. तिकडे धुळ्याला गोळी लागली तेव्हा सिदाच जवळ होता. धुळा त्याला म्हणाला, "मोजं गाठोड्यात बांधू नगं. गाठोडं बघून आई वाटंतच मरंल. तुझ्या पायात घालून ने." मरणाऱ्याचा शब्द सिदाने पाळला. याहून वेगळं काय करायचं, हे आमच्या गावात आजवर कोणाला सांगता आलेलं नाही.

लढाई संपली. बाजा परत येतोय एवढाच निरोप आला. कोण येतंय, कोण नाही, हे काही कळलं नाही. आयाबाया इथे येऊन उभ्या राहिल्या. लोकर कातून ठकाईची नजर अधू झाली होती, तोंडं ओळखू यायची नाहीत. पण पलीकडच्या वळणावर तिला आपली लोकर दिसली. पांढऱ्या घडीवरची काळी रेघ दिसली.

"आला," ती म्हणाली. "माझा धुळा आला." आणि ती पळत सुटली.

त्या वयात ती अशी पळाली, की बायकांना वाटलं आता पडेल. निम्म्या वाटेत ती एकदम थांबली. येणाऱ्याचा डावा मोजा घसरून घोट्यावर गोळा झाला होता. तोंड दिसायच्या आधीच तिला कळलं. तिचा मोजा तिच्या पोराच्या पायावरून घसरला नसता.

सिदा समोर येऊन उभा राहिला. ठकाई खाली बसली. मोजा वर ओढला, घडी घातली. मोजा घसरला. तिने पुन्हा ओढला, पुन्हा घसरला. सिदाची आई भागूबाई मागेच होती, पण आपल्या पोराला हात लावायचा तिला धीर होईना. शेवटी ठकाईने मनगटातला दोरा सोडला आणि सिदाच्या पोटरीभोवती बांधला. दोरा फार उरला.

"काकू, त्यानंच घालाया सांगितलं. गाठोडं नगं म्हनला."

"बरं केलंस लेकरा," ती म्हणाली. "पर लांबनं मला धुळाच दिसला रं."

मग डोळे पुसून ती म्हणाली, "जा. तुझी आई मागं हुबी हाय. आन इथनं फुडं हितं आलासा की मोजा खाली करा. जवळ येऊन तोंड दावा, मग आईकडनं वर करून घ्या. लांबनं कुना आईला फसवू नगा."

आजही बाजा इथे मोजा उतरवतो. खाली आया उभ्या असतात. आधी तोंड बघतात, कानशिलावर बोटं मोडतात, मग मोजा वर ओढून घडी घालतात. सिदाच्या घरातला एक गडी मात्र आपल्या आईकडे जात नाही. गावात जिचा पोर आता यायचा नाही, अशा आईपुढे तो जाऊन उभा राहतो. त्याचा मोजा मुद्दाम सैल विणलेला असतो. ती ओढते, तो घसरतो, आणि मग ती आपल्या पोराच्या मापाचा काळा दोरा त्याला बांधते.

गावाचे मोजे मीच विणते, तो सैल मोजाही माझाच. माझा संतू याच बाजात वाजवायचा. गेल्या श्रावणात घाटात त्याचा ट्रक दरीत गेला. सगळ्यांची मापं माझ्याकडे असतात, तसं त्याचंही होतं. हा बघा मनगटात दोरा. यंदा तो गडी माझ्यापुढे थांबणार आहे.

बाजा ऐकू येतोय ना? जरा सरकून बसा, मला वाट दिसू द्या. अजून पलीकडच्या वळणावरच आहेत. इतक्या लांबून सगळे सारखेच दिसतात.