शेठजींची भांडी शेठजींच्या दारी

गजेंद्रराजांच्या अंघोळीच्या हौदात एके सकाळी शेवेचं रिकामं पाकीट तरंगत आलं, आणि राज्यात कचऱ्याचा प्रश्न निर्माण झाला. त्याआधी दहा वर्षं झाडूवाल्यांच्या आळीत गुडघाभर पाकिटं साचत होती. पण तो प्रश्न नव्हता. ती आळी होती!

तातडीने दरबार भरला. ऐंशी वर्षांच्या प्रधानजींनी घसा साफ केला. "महाराज, सगळा दोष हल्लीच्या पिढीचा. आमच्या वेळी असं नव्हतं!"

खरंच नव्हतं. त्यांच्या वेळी धोंडूशेठ शेव कागदात बांधून द्यायचे. आता ते चकचकीत प्लॅस्टिकच्या पाकिटात भरून द्यायचे आणि पाकिटावर स्वतःचा हसरा चेहरा छापायचे. गावातल्या प्रत्येक गटारातून धोंडूशेठ हसत होते.

तेच धोंडूशेठ आता उठून उभे राहिले. "लोकांना शिस्त नाही, महाराज! मी उद्याच जनजागृतीची सभा घेतो. येईल त्याला शेवेचं एक पाकीट मोफत!"

"वा! वा!" दरबार म्हणाला.

महाराज हट्टी. त्यांनी झाडूवाल्यांचा मुकादम भिवा याला समोर बोलावलं. "आठ दिवसांत रस्त्यात, गटारात, नदीत एकही पाकीट दिसता कामा नये! जाळायचं नाही, धूर महालात येतो. पुरायचं नाही, राणीसाहेबांची बाग सुकते. वेशीबाहेर टाकायचं नाही, शेजारचा राजा भांडखोर आहे!"

"मग करायचं काय, सरकार?"

"ते तुम्ही बघा! नाही जमलं, तर नवव्या दिवशी आळी खाली करा."

"जागा वाया जायला नको," धोंडूशेठ नम्रपणे म्हणाले. "मी तिथे पाकिटांचं गोदाम बांधीन."

भिवा घरी आला तो मान खाली घालूनच. "बांधाबांध करा. चाळीस घरं उठणार."

त्याची मुलगी गोजरा चुलीपुढून ताडकन उठली. "आबा, दरबारात बोलला का नाहीत?"

"मोठ्यांपुढं बोलू नये, पोरी."

"म्हणूनच गुडघ्यापर्यंत आलंय!" गोजरा म्हणाली आणि थेट गावात निघाली.

पहिल्याच दारात तिने विचारलं, "काकू, शेजारणीने वाटीतून खीर पाठवली, तर वाटी ठेवून घेता?"

"शी! आम्ही काय तसल्या? वाटी परत करतो. तीही रिकामी नाही, काहीतरी घालून."

"मग शेठजींची भांडी का अडकवून ठेवलीत? किती वर्षं झाली!"

काकूंनी आधी डोळे वटारले. मग दारात पडलेल्या शेवेच्या पाकिटाकडे पाहिलं. मग पदर खोचला.

सात दिवस झाडूवाल्यांनी गटारं उपसली, नदी चाळली. आठव्या दिवशी सगळ्या गावच्या बायका टोपल्या घेऊन धोंडूशेठच्या वाड्यापुढे रांगेत उभ्या राहिल्या. दारात शेठजींच्या मातोश्री बसल्या होत्या. म्हातारीला नीट दिसत नव्हतं, पण रीत तोंडपाठ होती.

"आजी, तुमच्याकडचं भांडं."

"अगं बाई, आठवणीने परत आणलंस! ठेव हो आत." असं म्हणत त्यांनी प्रत्येकीला हळदीकुंकू लावलं. कुणी भांड्यात चिमूटभर साखर घालून आणली होती. गटाराकाठच्या बायकांनी आपल्या दारी जे मुबलक होतं तेच घातलं होतं!

दुपारी धोंडूशेठ धावतच दरबारात आले. "महाराज, न्याय! माझ्या माजघरात पाय ठेवायला जागा नाही! चिखल! वास!"

गोजराला बोलावलं. महाराज गरजले, "पोरी, गावचा कचरा शेठजींच्या घरात?"

"कचरा नाही, महाराज. शेठजींची भांडी आहेत. त्यांच्या आईंनीच घरात घेतली."

"खोटं!" शेठजी ओरडले. "पाकिटं मी विकलीत! विकलेली वस्तू गिऱ्हाइकाची!"

"तुम्ही काय विकता, शेठजी?"

"पावशेर शेव."

"तराजूत पाकीट धरून पावशेर, की सोडून?"

"अर्थात सोडून! धोंडूशेठच्या मापात पाप नाही!"

"म्हणजे पाकीट तोललं नाही, विकलं नाही. न विकलेली वस्तू कुणाची असते, महाराज?"

"मालकाची," प्रधानजी सवयीने बोलून गेले. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच ते उपयोगाचं बोलले होते.

धोंडूशेठना घाम फुटला. "थांबा! चुकलो! धरून! पाकीट धरून पावशेर!"

महाराजांच्या भुवया वर गेल्या. "असं? म्हणजे दहा वर्षं प्रजेला शेव कमी देत होतास? मापात चोरी करणाऱ्याची आपल्याकडे गाढवावरून धिंड काढतात, ठाऊक आहे ना?"

"नाही, नाही! सोडून! सोडूनच!"

"मग पाकिटं तुझी," महाराज म्हणाले.

धोंडूशेठनी कपाळाला हात लावला. "पण सरकार, एवढ्या पाकिटांचं मी करू तरी काय? जाळता येत नाहीत, पुरता येत नाहीत, वेशीबाहेर टाकता येत नाहीत!"

"बघा, महाराज!" गोजरा म्हणाली. "आम्हाला दहा वर्षं पडलेला प्रश्न आज पहिल्यांदाच योग्य माणसाला पडला!"

महाराज आधी ओठांत हसले, मग मांडीवर थाप मारून खदखदून हसले. हुकूम सुटला: यापुढे प्रत्येक रिकामं पाकीट धोंडूशेठनी स्वखर्चाने परत आणायचं, वितळवायचं आणि त्यातूनच पुढचं घडवायचं. जमत नसेल, तर शेव गिऱ्हाइकाच्या डब्यात घालायची!

"आता बक्षीस माग, पोरी!"

"आळीतली चाळीस घरं कायमची आमच्या नावावर करून द्या."

"दिली! शिवाय बाजारातली सगळी वजनंमापं आता तू तपासायची. उद्यापासून."

"आजपासून नाही चालणार, महाराज? शेठजींचं दुकान अजून उघडं आहे."

धोंडूशेठ पगडी सावरत दुकानाच्या दिशेने असे पळाले, की महाराजांना हसता हसता सिंहासनाचा हात धरावा लागला.