कालचा मूठभर काथ्या

माणसांना जनावरांची भाषा कळायची, त्या काळची गोष्ट. रेवननाथ गारुड्याकडे एक धामण होती आणि तिच्यावर त्याचा फार जीव होता. रोज सकाळी तो तिची टोपली घासून धुवायचा, उन्हात वाळवायचा आणि आत कोरं गवत अंथरायचा.

पण धामण अन्नाला तोंड लावेना. दिवसभर टोपलीच्या कडेकडेनं फिरत राही. धास्तावून त्यानं गवताऐवजी भुसा आणला, मग काथ्या आणला. ती वाळतच चालली.

"आता काय अंथरू, सांग तरी," तो रडकुंडीला येऊन म्हणाला.

"तू रोज मला परक्या घरात ठेवतोस," धामण म्हणाली. "जिभेनं चाचपते, तर माझा वासच कुठे लागत नाही. या घराचा मालक कधी येईल, याचीच भीती वाटते."

त्याची बायको गिरजा चुलीपाशी दूध विरजत होती. ती म्हणाली, "अहो, कालचं चमचाभर दही ठेवलं नसतं, तर आज विरजण कशाचं लावलं असतं?"

रेवननाथ उकिरड्याकडे धावला. कालचा मूठभर कोरडा काथ्या आणून त्यानं नव्यात मिसळला. धामणीनं जीभ फिरवली आणि वेटोळं घालून ती निवांत पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचे हात पुन्हा टोपलीकडे वळले. त्यानं ते काखेत दाबून धरले आणि तसाच बसून राहिला.