टिचकूचा हिरवा कुठे गेला?

बसा बरं मांडीवर नीट. ही गोष्ट सावकाश चालते, कारण टिचकू सावकाश चालतो.

टिचकू म्हणजे यमूने पाळलेला सरडा. बोटाएवढा. हिरवागार. गॅलरीतल्या जास्वंदीवर राहायचा. एक डोळा इकडे, एक डोळा तिकडे.

एकदा यमूला आलं प्रेमाचं भरतं. वरून हात आला, झप्प! टिचकू मुठीत, गप्प!

टिचकू घाबरला. "फूस्स!" केलं. मुठीतून सुटला. आणि बघतो तर काय? अंगावरचा हिरवा गेला! टिचकू झाला काळा काळा.

"अरे देवा! मी तर करपलेली पोळी दिसतोय!"

टिचकू निघाला पानाकडे. डुलुक डुलुक. एक पाऊल पुढे, अर्धं मागे.

"पाना, पाना, हिरवा दे ना!
माझा हिरवा गेला,
मी काळा काळा!"

पान म्हणालं, "देईन की! पण मीच सुकलंय. झारी पाणी ओतेल, तेव्हा देईन."

टिचकू निघाला झारीकडे. डुलुक डुलुक. एक पाऊल पुढे, अर्धं मागे.

"झारीबाई, झारीबाई, पाणी ओत ना!
पान हिरवा देईना,
माझा हिरवा गेला,
मी काळा काळा!"

झारी म्हणाली, "ओतीन की! पण पोटात थेंब नाही. नळ धार सोडेल, तेव्हा ओतीन."

टिचकू निघाला नळाकडे. डुलुक डुलुक. एक पाऊल पुढे, अर्धं मागे. पोचेपर्यंत नळाची एक डुलकी झाली.

"नळोबा, नळोबा, धार सोड ना!
झारी पाणी ओतीना,
पान हिरवा देईना,
माझा हिरवा गेला,
मी काळा काळा!"

नळ म्हणाला, "सोडीन की! पण मला फिरवणार कोण? यमूचा हात फिरवेल, तेव्हा सोडीन."

यमूचा हात? तोच तो? मुठीवाला? टिचकू आणखी काळा झाला. एक डोळा यमूकडे, एक डोळा पळायच्या वाटेकडे.

यमू बसली होती कोपऱ्यात, गाल फुगवून. दोन्ही हात काखेत. टिचकू लांबूनच ओरडला,

"यमूताई, यमूताई, नळ फिरव ना!
नळ धार सोडीना,
झारी पाणी ओतीना,
पान हिरवा देईना,
माझा हिरवा गेला,
मी काळा काळा!"

यमू म्हणाली, "फिरवीन की! पण तू मला फूस्स केलंस. माझ्याकडे येशील, तेव्हा फिरवीन."

"कसा येऊ? तुझा हात वरून येतो. मला वाटलं, घार आली, घार!"

यमूचे गाल फुस्सकन बसले. डोळ्यांत पाणी आलं.

"मी घार नाही रे. मी यमू आहे. मला तू खूप आवडतोस."

"मग हात खाली ठेव. उघडा ठेव. आणि हलू नकोस."

यमूने हात जमिनीवर ठेवला. उघडा.

टिचकू निघाला. डुलुक डुलुक. यमूच्या नाकाला खाज आली. यमू हलली नाही. कानावर माशी बसली. यमू हलली नाही. एक पाऊल पुढे, अर्धं मागे. अगं बाई, किती तो उशीर!

आला... आला... चढला! तळहातावर बसला.

मूठ मिटली का? नाही मिटली!

मग काय! यमूच्या दुसऱ्या हाताने नळ फिरवला, कुर्र कुर्र. नळाने धार सोडली, धो धो. झारी भरली, डुबुक डुबुक. झारीने पाणी ओतलं, झुळ झुळ. पान प्यायलं, घट घट. आणि कसं ताठ झालं!

"ये रे टिचकू, घे हिरवा!"

पान बघतं तर काय? टिचकू हिरवागार!

"अरे लबाडा! तू तर आधीच हिरवा! कुठून आणलास?"

टिचकूला कुठे माहीत? त्याची भीती गेली आणि हिरवा आपला आपण आला.

आतून आईची हाक आली, "यमू, जेवायला चल गं!"

"शूऽऽ! हळू बोल ना आई," यमू कुजबुजली. "टिचकू माझ्या हातावर बसलाय. आज तूच मला भरव."