राजाची न सरणारी कणगी

एका राजाकडे होती एक कणगी. पांघरुणं ओढा रे, मी दमलेय, दोनदा सांगणार नाही. तर कणगी म्हणजे धान्य साठवायची बांबूची मोठ्ठी टोपलीच म्हणा. पण ही जादूची. पाडव्याच्या पहाटे आपोआप जोंधळ्यानं काठोकाठ भरायची. त्यावर वर्षभर राज्य चालायचं. रस्ते, धर्मशाळा, विहिरी, सगळ्यांची मजुरी त्यातूनच.

पण रीत अशी, की फाल्गुन सरताना कणगी रिकामी करायचीच. नाहीतर भरणार नाही, असं सगळे म्हणायचे. मग फाल्गुन आला की काय धांदल, बरं का! हत्तीखान्याला पुन्हा चुना. चांगला रस्ता उकरून पुन्हा रस्ता. तरी उरलं तर नदीत.

नदीत ओतायचं काम म्हाताऱ्या चिमाक्काचं. ती कोठी सांभाळायची. तिची लेक रखमा डोंगरावरच्या वाडीत दिलेली. तिथं पाणी नाही. रखमा रोज डोंगर उतरायची आणि हंडे घेऊन चढायची. डोक्यावरचे केस झडले होते पोरीचे. चिमाक्काचा जीव तुटायचा.

राजानं वाडीला विहीर मंजूर केली. मग हुकूम गेला प्रधानाकडे, प्रधानाकडून फडणिसाकडे, तिकडून परत. पहिली कुदळ पडली तेव्हा दिवाळी उलटली होती. खाली लागला खडक. तेवढ्यात फाल्गुन. विहिरीचा जोंधळा नदीत, मजूर घरी. पावसात खड्डा बुजला. दुसऱ्या वर्षी नवा हुकूम, पुन्हा तेच. तिसऱ्या वर्षी खडक फुटला, ओल लागली, आणि आला की मेला फाल्गुन!

चिमाक्का पाटी घेऊन कणगीपाशी गेली आणि मटकन खालीच बसली. "नाही ओतणार," म्हणाली. "थकले मी."

राजा धावत आला. "अगं चिमाक्का, उद्या कणगी भरली नाही तर सगळं राज्य उपाशी मरेल!"

"मला कळत नाही होय, महाराज? माझीही छाती धडधडतेय. पण रखमाची विहीर मी माझ्या हातानं नदीत नाही टाकायची. ओतायचं तर तुम्ही ओता."

राजानं पाटी उचलली. कणगीत वाकला, आणि तसाच थांबला. त्यालाही ओतवेना. मग पाटी ठेवून चिमाक्काशेजारी बसला.

पहाटे कणगी कुरकुरली. बांबू ताणले, पोट फुगलं, आणि उरलेल्या जोंधळ्यावर नवा जोंधळा चढत गेला, पार काठापर्यंत!

"मग रिकामी करायची कशाला?" राजानं विचारलं. राजाच्या पणजोबांच्या वेळी एकदा कीड लागली म्हणून रिकामी करून झाडली होती, एवढंच कुणाला तरी आठवत होतं. एवढ्यासाठी हो!

त्याच सकाळी मजूर वाडीवर चढले. नवा हुकूम नाही, काही नाही.

वैशाखात पाणी लागलं. चिमाक्का बघायला गेली, तर हंडे भरलेले आणि रखमा भर दुपारी ओसरीवर गाढ झोपलेली. चिमाक्कानं तिला उठवलं नाही. तिच्याशेजारी तीही आडवी झाली. किती वर्षांनी दोघींना झोप लागली, बाई!

सगळे सुखी झाले. आता मिटा डोळे. मी पण मिटते.