निंबाईच्या दाराला दिंडी का म्हणत नाहीत

तुम्ही मघाशी विचारलंत, "हा एवढा मोठा दरवाजा कधी उघडतो?" आमच्या खैरगव्हाणात याला दरवाजा म्हणत नाहीत, भिंत म्हणतात. आणि त्याच्या एका फळीत कापलेली, वाकून यावं लागतं ती लहानशी वाट, तिला बाहेरगावी दिंडी म्हणतात. चालत जाते ती दिंडी वेगळी. ही एका जागी उभी असते. पण निंबाईदेवीच्या या आवारात, ही गोष्ट सांगताना सोडलं तर, तो शब्द कुणी उच्चारत नाही; दारच म्हणतात. त्यामागे आम्हा बायकांची मान खाली घालायला लावणारी गोष्ट आहे.

पूर्वी इथे आवडाबाई नावाची पाटलीण होती म्हणे. तिचं एकुलतं लेकरू तापानं फणफणलं, तेव्हा ती निंबाईला नवस बोलली: "लेकरू उठून बसलं, तर श्रावणातल्या शुक्रवारी तुझ्या दारातून जी पहिली सवाष्ण येईल, तिला तूच समजून तिची ओटी भरीन." लेकरू उठून बसलं.

शुक्रवार उजाडला. पाटलिणीच्या मनात होतं, पहिली सवाष्ण देशमुखीणबाई असावी. त्यांची पालखी दुपारी यायची होती आणि मोठा दरवाजा तेव्हाच उघडायचा होता. तोवर दगड फोडणाऱ्यांच्या पालावरची एक बाई, काखेत पोर घेऊन, दिंडीतून वाकून आत आली. पोराला अंगारा लावायचा होता तिला.

आदल्या रात्रीच जागरणाला आत आलेल्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. नवस सगळ्यांना ठाऊक होता. पाटलिणीनं ओटीचं ताट पदराआड घेतलं.

"मी देवीच्या दाराचं बोलले होते," ती म्हणाली. "दिंडी म्हणजे काही दार नव्हे."

"दिंडीतून कोंबड्या येतात गं," कुणीतरी मागून म्हणालं, आणि बायका हसल्या.

ती बाई एवढंच म्हणाली, "दाराच्या पोटातच आहे की ती, बाई." अंगारा न घेताच वाकून परत गेली.

दुपारी पालखी आली. गड्यांनी अडसर ओढला, पण दरवाजा जागचा हलेना. पावसानं लाकूड फुगलं होतं, असंही काही सांगतात. असेलही. देशमुखीणबाईंना वाकणं जमेना. पालखी बाहेरच्या बाहेर फिरली. आणि इकडे पाटलिणीच्या कडेवरचं लेकरू पुन्हा तापू लागलं.

तेव्हा ओटीच्या ताटात अंगारा ठेवून ती लेकरासकट दिंडीकडे धावली. वाकायची सवय नव्हती. कपाळ चौकटीवर आपटलं, ताटातले तांदूळ सांडले. ओढ्याकाठी निंबाखाली ती बाई आपल्या पोराला पाणी पाजत बसली होती.

"कुठल्या वाटेनं आलात, पाटलीणबाई?" तिनं विचारलं.

पाटलिणीला वर बघवेना. कपाळाचं रक्त नाकापर्यंत आलं होतं. ती म्हणाली, "दारातूनच आले गं, बाई."

तिथेच तिनं ओटी भरली, पोराला देवीचा अंगारा लावला. बाईनं पाटलिणीच्या लेकराच्या डोक्यावरून ओला हात फिरवला आणि ताप उतरला, असं सांगतात. दुसऱ्या दिवशी पाल उठलं. तेव्हा कुठे पाटलिणीच्या ध्यानात आलं, की जिची देवी म्हणून ओटी भरली, तिचं नाव विचारायचंच राहिलं. पुढे गावोगाव माणसं पाठवली, पण ती सापडली नाही. आमच्या आरतीत सगळ्या देवींची नावं आहेत. तेवढं एक नाही.

मोठा दरवाजा मग कुणी उघडायचा प्रयत्नही केला नाही. आजही श्रावणी शुक्रवारी आम्ही आळीपाळीनं या दाराशी ताट घेऊन बसतो. पहिली बाई येईल ती कोण, कुठली, सवाष्ण की विधवा, काही विचारायचं नाही. विचारायचं ते एकच, आणि तेही ओटीच्या आधी.

आज माझी पाळी आहे. तुम्ही वाकून आत आलात, तेव्हा आवारात अजून कुणीच आलेलं नव्हतं. बसा अशा पाटावर, पदर पुढे घ्या. नाव काय तुमचं, बाई?